खवल्या मांजराचे गोत्र

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात राजूर नावाचे गाव आहे. जिल्ह्याबाहेरच्या वाचकास ते ठाऊक असण्याचे कारण नाही; असलेच तर 'राजूर कॉलरी' या नावाने. गावाच्या पोटात कोळसा आणि उशाशी चुनखडी. त्यामुळे आमच्या लहानपणी खाणीतून परतणारी माणसे काळी आणि चुन्याच्या भट्ट्यांवरून परतणारी पांढरी असत, आणि अंघोळ झाल्यावरच त्यांच्यातला काका कोणता व मामा कोणता हे ओळखू येई. अंगावरच्या खुणेवरून गट पाडण्याविषयीचा आमचा पहिला धडा हाच असावा. तो धडा होता हे कळायला मात्र फार वर्षे लागली.

कोळसाखाणी १९७३ मध्ये सरकारच्या ताब्यात आल्या, त्यानंतरच्या दोनेक वर्षांतली ही गोष्ट. आम्ही आठवीत होतो. भाद्रपदातल्या एका रात्री भट्टीलगतच्या दगडांच्या ढिगात काहीतरी विचित्र सापडल्याची आवई उठली आणि अर्धी वस्ती तिकडे धावली. खाणीतल्या टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात आम्ही पाहिले तो लहानशा भोपळ्याएवढा एक गोळा निपचित पडलेला होता. त्यावर कौलांसारखे एकावर एक रचलेले खवले. तोंड नाही, पाय नाहीत, नुसता गोळा. काठीने डिवचले की तो अधिकच आवळून घेई.

खाणीच्या वस्तीत चहू दिशांची माणसे असतात. जो तो आपापल्या मुलखाचे नाव सांगू लागला. मध्य प्रदेशातून आलेला एक लोडर मागे सरत म्हणाला, हा सल्लू साँप. आदिलाबादकडच्या एकाने 'अलुगू' म्हटले. एक बंगाली ओव्हरमन होते, ते म्हणाले, ही बनरुई, म्हणजे रानातला रोहू मासा. आणि आमची आजी, जिचे माहेर झरीकडच्या रानातले होते, ती गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि म्हणाली, "खवल्या मांजर हाये हे. मारू नोका."

मांजर! आम्हांला हसू आवरेना. त्याच महिन्यात शाळेत प्राण्यांचे वर्ग शिकवून झाले होते आणि ते आम्हांला मुखोद्गत होते. मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन. सरीसृपांचे लक्षण काय, तर शरीरावर खवले. आम्ही तिथल्या तिथे अनुमान मांडले: खवले असतात ते सरीसृप; याला खवले आहेत; म्हणून हा सरीसृप; म्हणजे पाल-घोरपडीच्या नात्यातला. लोडरचा साप त्यातल्या त्यात बरोबर, असा कौलही दिला.

आजी म्हणाली, "पिलू शेपटीवर बसवून फिरते ते. दूध पाजते. म्या पाह्यलं हाये."

आम्ही म्हणालो, "पुस्तकात तसं नाही."

"साप दूध पेते म्हंतेत लोकं," ती म्हणाली, "पाजते म्हनून कोनी आयकलं काय?"

लोक हसले. ते तिच्या बाजूने हसले हे आम्हांला सहन झाले नाही. चारचौघांत, खाणीतल्या सगळ्या माणसांदेखत, आम्ही तिला म्हणालो, "तुला वाचता येत नाही. तुला काय समजते?"

ती काही बोलली नाही. पदराचे टोक दातांत धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांना मोठ्या तोऱ्यात ही हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "अरे, तो सस्तन प्राणी आहे. तुझी आजी बरोबर सांगते." घरी येऊन हे आजीला सांगावे असे वाटले, त्याच दिवशी सांगितले असते तर एका वाक्याचे काम होते. ते वाक्य उद्यावर गेले, मग परवावर. पुढे चार वर्षांनी ती गेली. ते वाक्य आजही आमच्याजवळ आहे.

आयुष्यभर आम्ही मराठी साहित्य शिकवले. प्राणिशास्त्राशी आमचा संबंध वाचकापुरताच. परंतु त्या रात्री आमचे नेमके काय चुकले होते, या प्रश्नाने आम्हांला त्या शास्त्राच्या दाराशी पुन्हा पुन्हा नेले. उद्धटपणा चुकला हे उघडच आहे. पण विचारातही काही चुकले होते, आणि ते आमच्या व्यवसायाशी फार जवळून निगडित आहे असे आम्हांला वाटते.

आमचे पुस्तक खोटे नव्हते. सरीसृपांच्या अंगावर खवले असतात हे खरेच आहे. पण 'ज्याच्या अंगावर खवले तो सरीसृप' हे त्यातून निघत नाही. मासा अंगभर खवल्यांचाच असतो. आम्ही व्याप्ती उलटी लावली. शिवाय खवला आणि खवला यांतही फरक असतो. माशाचा खवला हाडासारख्या द्रव्याचा, त्वचेच्या आतल्या थरातून आलेला. खवल्या मांजराचा खवला केराटिनचा, म्हणजे आपले केस व नखे ज्या द्रव्याची असतात त्याचा. त्या खवल्यांच्या मधून आणि पोटाकडच्या बाजूला त्याला विरळ केसही असतात. आम्ही कवच पाहिले. आजीने पिलू पाहिले होते. लक्षणे दोघांचीही शरीराचीच होती. मात्र एक लक्षण वरून दिसणारे होते आणि दुसरे प्राण्याच्या जगण्यातून दिसणारे.

प्राण्यांचे गट पाडण्याचा सारा इतिहास म्हणजे कोणते लक्षण मोजावे या प्रश्नाचा इतिहास आहे. आपल्याकडे जन्माचा प्रकार हे लक्षण धरले गेले: अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज. कीर्तनात बसणाऱ्या निरक्षर माणसालाही या चार खाणी ठाऊक असत. जैन परंपरेने इंद्रियांची संख्या मोजली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य ही एकेक इंद्रिय वाढत जाणारी पायरी आहे. तेराव्या शतकातील हंसदेव या जैन ग्रंथकाराने 'मृगपक्षिशास्त्र' रचून पशुपक्ष्यांची रूपे व स्वभाव वर्णिले. २०२५ मध्ये दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली यांनी तो ग्रंथ मराठीत आणला. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने रक्त असलेले व रक्तहीन असे दोन ढोबळ भाग केले, आणि डॉल्फिन फुप्फुसाने श्वास घेतो, पिलांना जन्म देतो व दूध पाजतो हे पाहून त्याला माशांतून वेगळे काढले. तरीही १७३५ मध्ये लिनियसने आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत देवमाशाला माशांतच बसवले होते. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत ती चूक त्याने दुरुस्त केली, आणि त्याच आवृत्तीत 'चतुष्पाद' हे जुने नाव टाकून स्तनावरून घडवलेले नवे नाव त्या वर्गाला दिले. आपला 'सस्तन' हा शब्द त्याचेच मराठी रूप.

हे नाव अपरिहार्य नव्हते. केस, कानातली तीन इवली हाडे, खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस एकच हाड, ही लक्षणेही याच वर्गाची आहेत, आणि ती नर-मादी दोघांतही सारखीच असतात. लिनियसने आईचे दूध निवडले. तो वैद्य होता; उच्चकुलीन स्त्रियांनी मुले दाईच्या अंगावर वाढवावीत याविरुद्ध १७५२ मध्ये त्याने निबंध प्रसिद्ध केला होता. शास्त्रातल्या नावालाही लिहिणाऱ्याच्या घरादाराचा वास असतो तो असा.

आणि खवल्या मांजर? लिनियसने त्याला सस्तनांत घेतले, पण बसवले कोठे, तर हत्ती, स्लॉथ आणि मुंगीखाऊ यांच्या पंक्तीस. कारण त्याने मोजलेले लक्षण होते पुढचे दात नसणे. वटवाघळाला तर त्याने छातीवरच्या दोन स्तनांमुळे माणूस व माकड यांच्या गणात जागा दिली होती! पुढे बराच काळ खवल्या मांजर 'दंतहीन' प्राण्यांत राहिले. मुंग्या-वाळवी खाऊन जगायचे तर लांब जीभ हवी, दात नकोत. म्हणून अमेरिकेतला मुंगीखाऊ आणि आपले खवल्या मांजर यांची तोंडे सारखी झाली, नाते नसताना. मग विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांचा ताळा पाहू लागले, आणि २००१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून असे पुढे आले की खवल्या मांजराचे सर्वांत जवळचे जिवंत आप्त म्हणजे मांसभक्षक गणातले प्राणी. ज्या गणात वाघ, कुत्रा, अस्वल आणि मांजर येते.

हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. बंगालीत मासा, हिंदीत साप, एका संस्कृतोद्भव नावात 'वज्रकीट' म्हणजे चक्क किडा, जुन्या चिनी नावात डोंगरातला मासा. आणि मराठीत मांजर. इतक्या मुलखांनी इतके वर्ग सांगितले, त्यांत आजीच्या भाषेने सांगितलेले गोत्र सत्याच्या सर्वांत जवळ निघाले.

येथे सावध राहिले पाहिजे. लोकभाषेला जनुके आधीच ठाऊक होती, असले गोड अनुमान काढण्याचा मोह आम्हांलाही झाला. तो आम्ही आवरला. याच मराठीने नदीतल्या ऊदाला पाणमांजर म्हटले आहे, आणि तोही मांसभक्षक असला तरी मांजरापेक्षा मुंगसाहून वेगळ्या, विझलांच्या कुळातला. भाषा उपयोगाने, भयाने, साम्याने, कधी नुसत्या लाडाने नावे ठेवते. खवल्या मांजराबाबत तिचा नेम बसला एवढेच. आजी बरोबर ठरली ती नावामुळे नव्हे, पाहण्यामुळे. तिने दूध पाहिले होते.

मग बरोबर लक्षण निवडायचे कसे? या प्रश्नाचे आम्हांला पटलेले उत्तर जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने दिले. त्याचा जर्मन ग्रंथ १९५० चा आणि इंग्रजी १९६६ चा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दोन प्राण्यांत काहीतरी समान आहे एवढ्याने नाते सिद्ध होत नाही. समान गोष्ट फार जुनी, सर्वांनाच मिळालेली असेल, तर ती निरुपयोगी. समान गरजेमुळे वेगवेगळी उपजली असेल, तर ती फसवी. ज्या पूर्वजापासून हा गट निघाला त्याच्यात नव्याने उपजलेले आणि त्याच्या वंशजांतच उतरलेले लक्षण तेवढे नात्याचा पुरावा.

हे वाचताना साहित्याच्या विद्यार्थ्याला आपल्या घरी आल्यासारखे वाटावे. कारण पाठचिकित्सेत आपण वेगळे काय करतो? पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये आरंभले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे शेकडो पोथ्या होत्या. दोन पोथ्यांत मूळचा शुद्ध श्लोक सारखाच आहे, एवढ्यावरून त्या एकमेकींच्या जवळच्या ठरत नाहीत. तो तर सर्वांनाच वारशाने आलेला. पण एकाच ठिकाणी तीच चूक, तोच प्रक्षेप दोघींत असला, तर त्या एका आईच्या लेकी असल्याचा संशय बळावतो. आणि दोन लेखनिकांच्या हातून स्वतंत्रपणे तीच सोपी चूक होऊ शकते, हेही संपादकाला ध्यानी ठेवावे लागते. मुंगीखाऊ आणि खवल्या मांजर यांचे बोळके म्हणजे दोन लेखनिकांची तशी स्वतंत्र चूक. जीवसृष्टी ही नकलांच्या नकला करीत आलेली एक पोथीच आहे, आणि प्राण्याचे शरीर हा तिचा हाती आलेला पाठ.

या दृष्टीने पाहिले की शाळेतला तक्ताही वेगळा दिसू लागतो. राज्याच्या दहावीच्या पुस्तकातला 'प्राण्यांचे वर्गीकरण' हा पाठ अलीकडे आम्ही आवर्जून वाचला. रंध्रीय प्राण्यांपासून समपृष्ठरज्जू प्राण्यांपर्यंत संघामागून संघ येतात. प्रत्येकापुढे शरीराची सममिती, देहगुहा आहे की नाही, पृष्ठरज्जू आहे की नाही हे नोंदलेले. विद्यार्थी तो पाठ करतात, जसा आम्ही केला. त्यांना कोणी सांगावे की प्रत्येक रकाना हा कधीतरी झालेल्या वादाचा निकाल आहे, आणि काही निकालांवर पुनर्विचार चालू असतो. आम्हांला पाठ असलेला 'सरीसृप' हा वर्गच आज डळमळीत आहे, कारण मगरीचे नाते पालीपेक्षा पक्ष्यांशी जवळचे ठरले आहे. पक्ष्यांना बाहेर ठेवून सरीसृपांचे कुटुंब पुरे होत नाही.

या निकालांचा एक दाखला आमच्याच वर्धा खोऱ्यातला आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जीवाश्म गोळा करण्याचा ध्यास घेतला होता. त्या काळात मांगली येथील खडकातून निघालेली एक रुंद, आखूड कवटी इंग्लंडात पोचली, आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन या प्रख्यात शरीररचनाशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. नाव ठेवले ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स: आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. ओवेनने तिला सरीसृप म्हटले. आज ती उभयचरांच्या एका लुप्त शाखेत गणली जाते. कवटी तीच, एक हाडही इकडचे तिकडे झाले नाही, वाचन बदलले. ओवेनसारखा माणूस सरीसृप म्हणून चुकला, हे कळल्यावर आठवीतल्या आमच्या चुकीची लाज थोडी कमी झाली. आजीला जे म्हणालो त्याची मात्र झाली नाही.

कारण त्या रात्री आम्ही प्राण्याबरोबर माणसाचेही वर्गीकरण केले होते: वाचता येते ते समजणारे, येत नाही ते न समजणारे. हा खेळ आम्ही शोधून काढलेला नव्हता. लिनियसने १७५८ च्या त्याच ग्रंथात माणसांचे खंडवार प्रकार पाडून कातडीच्या रंगाला स्वभाव जोडले. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावरून हिंदुस्थानातील जातिजमातींची उतरंड लावू पाहिली. १८७१ च्या कायद्याने तर अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, आणि तो शिक्का १९५२ मध्ये पुसला गेला तरी डाग गेला नाही. आमच्या भागातील कोलामांनाही सरकारी कागदाने कितीदा तरी नवनव्या रकान्यांत बसवले आहे. खवल्या मांजराला साप म्हटल्याने त्याचे काही बिघडत नाही; माणसाला रकान्यात टाकले की तो रकाना त्याच्या अंगाला चिकटतो, आणि चुन्याकोळशासारखा अंघोळीने निघत नाही.

साहित्याच्या वर्गात आम्ही याहून शहाणे वागलो का? उत्तरपत्रिका तपासताना 'ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये', 'दलित साहित्याची वैशिष्ट्ये', 'आदिवासी साहित्याची वैशिष्ट्ये' अशी क्रमांक घातलेली उत्तरे आम्ही हजारोंनी वाचली आणि मुद्द्यास अर्धा गुण या दराने गुण दिले. बोलीभाषा आली की ग्रामीण, विद्रोह आला की दलित, रान आले की आदिवासी. हे खवले मोजणेच झाले. एखादी कविता आपले पिलू कोठे वागवते, कोणाचे दूध पिऊन ती वाढली, हे पाहायला तिच्याजवळ रात्रभर बसावे लागते. परीक्षेला तेवढा वेळ नसतो. गट पाडूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. गट नसतील तर ज्ञान नाही आणि ग्रंथालयही नाही. एवढेच की गट ही तपासाची सुरुवात असावी. आम्ही तिचा निकाल केला.

आज खवल्या मांजर दिसणे दुर्मीळ झाले आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याच्या सर्व जातींच्या व्यापारावर बंदी घातली. तरी चोरटी शिकार चालते, आणि ती मुख्यतः खवल्यांसाठी, औषध म्हणून. जे द्रव्य आपण दर आठवड्याला नखे कापून केरात टाकतो, त्यासाठी. त्याला साप, मासा, किडा म्हणायला लावणारे लक्षणच त्याच्या जिवावर उठले आहे.

त्या रात्रीचे एक सांगायचे राहिले. आम्ही आजीला बोललो त्यानंतर थोडी शांतता झाली. मग खाणीच्या चौकीदाराने एक पोते आणले. गोळा उचलून पोत्यात घालणार तोच आजी पुन्हा पुढे झाली आणि खाली बसून त्या गोळ्याजवळ डोळे नेऊन काहीतरी शोधू लागली. कोणीतरी विचारले, काय पाहते बाई? ती म्हणाली, "आत पिलू असन तं, दबन ना." मादी पिलाला पोटाशी घेऊन त्याच्याभोवती गोळा होते, हे आम्ही पुष्कळ वर्षांनी पुस्तकात वाचले. त्या गोळ्यात पिलू होते की नाही हे कळले नाही. तिने पोत्याऐवजी टोपले आणायला लावले, आणि चौघांनी ते हलकेच नाल्यापलीकडच्या झुडपांत नेऊन ठेवले.

तो प्राणी कोणत्या वर्गातला यावर आम्ही सगळे भांडत होतो. तो कोणाची आई आहे का, हे विचारणारी ती एकटीच होती.